हिरव्या जर्सींचा ताबा

८ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की तोंडाने बोलू नका, वहीत लिहा. तुमचं ब्लडप्रेशर ओरडण्यानेच वाढतं. मी म्हटलं, बाई, सातवीनंतर मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. म्हणाल्या, मग आता सुरुवात करा. माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान असेल आणि मला गृहपाठ देते. म्हणून पहिला राग तिच्यावरच लिहिला.

आजचा खरा राग गरम पाण्याचा. मैदानावरचा गॅस कंपनीने तोडला. बिल थकलं म्हणे. आता चिखलाने लडबडलेल्या जर्सी गार पाण्यात धुऊन कशा निघणार? आमचा संघ फुटबॉलच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतो. पोरं आठवडाभर आपापला धंदा करतात, कुणी नळ जोडतो, कुणी ट्रकवर असतो, आणि शनिवारी इथे येऊन गुडघे फोडून घेतात. त्यांचे कपडे माझ्या ताब्यात. बस डेपोतून रिटायर झालो तेव्हापासून. गॅलरीच्या खाली माझी खोली आहे. एक मशीन, दोन दोऱ्या, एक इस्त्री आणि भिंतभर ओल.

पोरं म्हणतात मानधन थकलं, मालक लबाड आहे. ऐकून माझं डोकं फिरतं. जुन्या कमिटीने हात वर केले तेव्हा हा माणूस पुढे आला. मोठा बांधकामवाला, त्याला काय कमी होतं? तरी बुडता संघ गळ्यात घेतला. धुण्याचं मशीन त्यानेच दिलं. येताजाता ‘काका, तब्येत कशी’ म्हणून खांद्यावर हात ठेवतो. माझ्या स्वतःच्या मुलाला महिन्यातून एक फोन करायला होत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

हरलो. हरणारच. मनातून हरूनच मैदानात उतरले होते.

माझी एक पद्धत आहे. सामन्याआधी जर्सी कुणी आपण होऊन उचलायची नाही. मी एकेकाच्या हातात देतो आणि देताना एकेक वाक्य सुनावतो. गोलकीपरला सगळे शिडी म्हणतात, एवढा उंच आहे. त्याला म्हटलं, ‘हात बांधून उभा राहू नकोस, तुझा फोटो काढायला कुणी आलेलं नाही.’ कप्तान धंद्याने प्लंबर. त्याला म्हटलं, ‘लोकांच्या घरचे पाइप गळत नाहीत, पण तुझी डावी बाजू गळते.’ तर तो म्हणतो कसा, ‘काका, आज माझ्या वाट्याला कमी आलं. अजून थोडं बोला.’ सगळे खो खो हसले. म्हाताऱ्याची थट्टा करतात. मग परत येताना जर्सी उलट्या काढून, घामाचे बोळे करून कोपऱ्यात भिरकावतात. अस्तर बाहेर, बाही आत. एकेक सुलटी करत बसलो. बोटं आखडली.

त्या पद्धतीला हसू नये एवढं तरी कळायला हवं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सराव संपल्यावर सगळे माझ्याच खोलीत जमले आणि मलाच म्हणाले, ‘काका, तेवढा चहा सांगून येता का?’ मला कळत नाही? मी दाराबाहेर उभा राहिलो. माझी खोली, माझं दार.

पोस्टमन बोलत होता. आमचा पुढे खेळणारा, गोल करणारा, आणि धंद्याने खरंच पोस्टमन. म्हणत होता, ‘संघटनेकडे तक्रार करू या. या माणसाला संघ चालवायचाच नाहीये.’ मास्तर म्हणजे आमचे कोच, शाळेत कवायत शिकवतात, ते नुसतं हं हं करत होते. कप्तान म्हणाला, ‘सीझन संपेपर्यंत दम धरा. एकदा सगळे सामने खेळून झाले की मग बघू.’

ज्याचं खातात त्याच्याच पाठीत सुरा. मी घरी येऊन मालकांना फोन केला. घरातली भांडणं घरातच मिटावीत म्हणून. मालक शांतपणे म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत. कोण कोण बोलत होतं?’ मी सांगितलं. म्हणाले, ‘काका, तुमच्यासारखं माणूस आहे म्हणून मला झोप लागते.’

हिला सांगितलं तर ही भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, ‘अहो, तुम्ही चहाडी केलीत.’

चहाडी! मी जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते कधी झालं नव्हतं. बाहेरगावी सामना होता आणि बस आलीच नाही.

मी सगळ्या बॅगा फाटकापाशी मांडून उभा. बसवाल्याला फोन लावला तर म्हणतो, ‘काका, तुमच्या मालकांनीच काल रद्द केली.’ खोटारडा. जन्म डेपोत गेला माझा, बसवाल्यांची सगळी कारणं मला पाठ आहेत.

कप्तान म्हणाला, ‘माझी व्हॅन आहे, शिडीच्या भावाचा टेम्पो आहे, कोंबून बसू, चला.’ तेवढ्यात मालकांचा मलाच फोन. ‘काका, दुसरी बस निघाली आहे. कुणाला हलू देऊ नका, चुकामूक होईल.’ मालकांनी कप्तानाला नाही, मास्तरांना नाही, मला फोन केला. मी बॅगांवर बसलो. म्हटलं, जर्सी माझ्या ताब्यात आहेत, त्या ग्रीस लागलेल्या टेम्पोत जाणार नाहीत. कप्तान खूप बोलला. शेवटी हात जोडले त्याने. मी हललो नाही.

बस आली नाही. वाटेत बंद पडली असणार.

सामना न खेळल्याचा ठपका बसला. मास्तर म्हणाले, नियम साधा आहे. एकदा गैरहजर राहिलात तर ताकीद. त्याच सीझनमध्ये दुसऱ्यांदा राहिलात तर संघाचं नावच लीगमधून कापतात. कायमचं.

या बसवाल्याच्या कानाखाली आवाज काढायला हवा.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

पोस्टमनला काढलं. मालकांनी मास्तरांना कळवलं, शिस्त मोडली म्हणून. गोल करणारा एकच माणूस होता, तोही गेला.

मी खोलीत गेलो तर गप्पा बंद. शिडी माझ्याकडे न बघता मोजे घेऊन गेला. ठीक आहे. मलाही कुणाशी बोलायची हौस नाही. मी दार आतून लावून इस्त्री करत बसलो. बाहेरून कप्तानाने दोनदा हाक मारली. पाणी हवं असेल. दिलं नाही.

घरी आलो तर ही पेपर उघडून तयारच. ‘ऐका. मैदान ज्याने दान दिलं त्याने लिहून ठेवलंय, संघ लीगमध्ये खेळतोय तोवर ही जागा विकता येणार नाही. संघ संपला की जागा ज्याच्या नावावर त्याची. आता कोणाच्या नावावर आहे?’

‘मालकांच्या.’

‘मग?’

‘मग काय मग?’

‘अहो, त्याला मैदान हवंय. संघ कुठे हवाय?’

या बाईने आयुष्यात एकदा सामना बघितला, तोही पाठ करून, कारण ऊन डोळ्यावर येत होतं. आणि मला फुटबॉल शिकवते. मी म्हटलं, पेपरवाल्यांना रद्दी खपवायची असते. ती म्हणाली, ‘आणि तुम्हाला खांद्यावरचा हात सोडवत नाही.’ मुद्द्याचं बोलायचं सोडून हे असलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मालकांनी गाडी पाठवून ऑफिसात बोलावलं. मला! लिफ्टमध्ये चहूबाजूंनी आरसे. इतके म्हातारे एकदम बघून दचकलो. आत जाड गालिचा, माझ्या बुटांना चिखल. दारातच काढायला लागलो तर मालक म्हणाले, ‘काका, राहू द्या हो, आपलंच आहे.’

टेबलावर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या इमारती मांडल्या होत्या. इवलीशी झाडं, वळणाचा रस्ता, मधोमध तळं. सुंदर काम. मी विचारलं, कुठलं? म्हणाले, ‘असंच, लांबचं आहे एक.’ कोपऱ्यात आमच्या मैदानाशेजारी आहे तशीच पाण्याची टाकी केलेली, खाली निमुळती, वर गोल. म्हटलं, अशी टाकी मला वाटायचं आमच्याकडेच आहे. मालक हसले, चहा मागवला.

मग म्हणाले, ‘काका, मला खेळातलं काही कळत नाही. तुमच्याकडून शिकावं म्हटलं. समजा एखाद्या दिवशी संघाकडे कपडेच नसले तर?’

इतक्या वर्षांत मला माझ्या कामाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मी सगळं नीट सांगितलं. अंगात सगळ्यांच्या एका रंगाच्या जर्सी हव्यात, समोरच्या संघाहून वेगळ्या. गोलकीपरचा रंग निराळा. पाठीवर आकडा, आणि तोच आकडा दोघांच्या पाठीवर नको. यातलं काही चुकलं तर पंच शिटी वाजवत नाही, संघ गैरहजर धरतात. मालकांनी विचारलं, ‘आणि तुमच्याकडे किती संच?’ म्हटलं, हिरवा आणि निळा, दोनच. बाकी सरावाला प्रत्येक जण घरचं काहीही घालून येतो. ‘म्हणजे सगळा संघ तुमच्या दोन बॅगांत आहे,’ मालक म्हणाले. मी म्हटलं, तसंच समजा.

खाली उतरताना ऊर भरून आला होता. हिला सगळं सांगितलं. ही माझ्याकडे बघत राहिली फक्त. जळतात लोक, घरातलेसुद्धा.

२० नोव्हेंबर, बुधवार

गार पाण्याने हाताला भेगा पडल्या. मशीनचं दार अडकतं. कप्तानाने आपणहून पाइप आणून कुठून तरी गरम पाण्याची जोडणी केली, मला न विचारता. भिंतीला भोक पाडलं. ओल आणखी वाढणार. बोललो नाही, पण दार आपटलं.

११ डिसेंबर, बुधवार

चांगली बातमी, आणि ती फक्त मला ठाऊक आहे.

शनिवारी सीझनचा शेवटचा सामना, आमच्याच मैदानावर. मालकांचा ड्रायव्हर आला. म्हणाला, साहेबांनी दोन्ही संच मागवलेत, नवे आकडे छापून, छातीवर नव्या जाहिरातदाराचं नाव घालून शुक्रवारी देणार आहेत. जुने आकडे उसवलेत हे खरंच आहे. ड्रायव्हर म्हणाला, ‘साहेब म्हणाले, पोरांना आधी सांगू नका. त्यांना शनिवारीच कळू दे मालक काय आहे ते.’

मी स्वतः घड्या घातल्या, बॅगा बांधल्या, गाडीत ठेवल्या. मोजे दिले नाहीत. मोजे मी कुणाला देत नाही.

कळू दे शनिवारी. शिडीचं तोंड बघायचंय मला. कप्तानाचंही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

ड्रायव्हर सकाळी म्हणाला दुपारी. दुपारी म्हणाला छपाईवाल्याकडे गर्दी आहे, उद्या सकाळी. आता फोन उचलत नाही. मालकांचा बंद.

कप्तान दारापर्यंत आला होता. ‘काका, उद्याचं सगळं तयार आहे ना?’ मी आतूनच म्हटलं, तुझं तू बघ.

सांगायला हवं होतं का? काय सांगणार? असेल गर्दी. लग्नातले, शाळेतले, कितीतरी लोक छापून घेतात. ही विचारते काय होतंय, इतके का येरझारा घालताय. म्हटलं पोटात गॅस झालाय.

१५ डिसेंबर, रविवार

काल लिहायला हात चालले नाहीत. आज लिहितो. वहीचं पान फाटलं तरी चालेल.

सकाळीच मालकांच्या इमारतीखाली गेलो. वॉचमन म्हणाला, ‘साहेब परदेशी. सोमवारी येतील.’ ड्रायव्हर? ‘सुट्टीवर.’ गाडी? ‘ती बुधवारपासून तळघरात उभी आहे. किल्ली त्याच्याकडे.’

बुधवारपासून. गाडी छपाईवाल्याकडे गेलीच नव्हती.

वॉचमनने मला त्याच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मला ती पुठ्ठ्याची टाकी दिसायला लागली. खाली निमुळती, वर गोल. अशी टाकी दुसरीकडे कुठे असणार! माझ्याच तोंडाने सांगितलं होतं मी, एका रंगाच्या हव्यात, आकडे हवेत, दोनच संच आहेत. त्याने विचारलं आणि मी पोपटासारखा बोललो. चहा प्यालो वर. बिस्किट खाल्लं.

मैदानावर आलो तेव्हा सगळे ड्रेसिंग रूममध्ये बसून माझी वाट बघत होते. मी दारात उभा राहून सांगितलं. शिडी उठला. ‘म्हाताऱ्याने विकलं आपल्याला!’ माझ्या अंगावरच आला. मी मागे सरलो नाही, मार म्हटलं. कप्तान मधे पडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बुधवारी का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही लोक माझ्याशी बोलत नव्हता.’

‘आम्ही? काका, दार कोण लावून बसायचं?’

मास्तर पंचांकडे धावले. पंच कोरडा माणूस. म्हणाला, शिटी वेळेवर वाजेल. तोवर अंगात एका रंगाच्या, आकडे घातलेल्या जर्सी दिसल्या तर सामना. नाही तर गैरहजर. चड्ड्या वेगवेगळ्या असल्या तरी मी बघणार नाही, एवढं करतो.

मी पाहुण्या संघाच्या खोलीकडे गेलो. त्यांचे कपडे एक बाई सांभाळते. दर वर्षी तिची माझी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडणं. ती पांढऱ्या जर्सी वाटत होती आणि तिच्या पायाशी दुसरा संच बॅगेत पडलेला मला दिसत होता. म्हटलं, बाई, आजच्या दिवस द्या. ती म्हणाली, ‘दोन्ही संच स्वतःच्या हाताने गाडीत ठेवलेत?’ म्हटलं, हो. ‘काका, डोकं मागितलं असतं तर तेही बांधून दिलं असतंत तुम्ही.’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘आज तुम्ही उतरला नाहीत तर आम्हाला तीन गुण फुकट आणि आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये जाण्यापासून वाचतो. मी कपडे दिले तर आमची पोरं मला बसमधून उतरवतील. टेप देते. हवी तर घ्या.’ आणि काळ्या चिकटपट्टीची दोन मोठी रिळं माझ्या हातात कोंबली. मला तिचा राग आला. आणि टेपचाही. टेप कशावर लावू, माझ्या टकलावर?

तसाच बाहेर आलो आणि वर गॅलरीकडे बघितलं.

दर सीझनच्या शेवटी जुना संच फाटकापाशी टेबल मांडून विकतात. कोण घेणार? तर हेच लोक, जे ऊन असो वारा असो इथे येऊन आम्हाला शिव्या घालतात. कोटांच्या, स्वेटरांच्या खालून हिरवी कॉलर दिसत होती. इथे एक, तिथे दोन. काही विटलेल्या, काही पार आखडलेल्या. पण हिरव्या.

मी पायऱ्या चढलो. ही नंतर म्हणाली माझा आवाज टाकीपलीकडे ऐकू येत होता. होय, ही आली होती काल. मला आधी माहीत नव्हतं.

मी ओरडलो, ‘काढा! हिरवी जर्सी ज्याच्या ज्याच्या अंगात आहे त्याने काढा!’

सलूनवाला म्हणाला, ‘काका, थंडी केवढी आहे. आणि इथे बायकामाणसं आहेत.’

‘बायकामाणसांनी तुला बघून घाबरावं असं काही नाहीये तुझ्यात. काढ!’

लोक हसले. मी हसत नव्हतो. मी सांगितलं त्यांना, सगळं. मालकाने काय केलं आणि मी काय केलं, दोन्ही. मग सलूनवाल्याने कोट बाजूला ठेवला, जर्सी डोक्यावरून ओढली आणि मला दिली. पांढरीफटक छाती, वर काटा आलेला. ‘घ्या. पण मला वाक्य नाही का एक?’ त्यांनासुद्धा माहीत आहे ते! पोरांनी गावभर केलंय.

मग एकेक यायला लागल्या. औषधवाल्याची. दोघा भावांची, दोघांची पाठीवर आठच. एका बाईने कोटाच्या आतून हात काढून, नवऱ्याला आडोसा धरायला लावून आपली काढली. कुणाची ढेरीवर ताणून ताणून गोल झालेली. प्रत्येक जर्सीवर माझेच टाके होते. हा बाहीचा, हा काखेतला. जाड, वाकडे, पण माझे.

सगळ्यात वरच्या पायरीवर पोस्टमन बसला होता. अंगात गेल्या सीझनची स्वतःची नऊ नंबरची, जी त्याने विकायला दिलीच नव्हती. ती काढून हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

‘मीटिंगचं तुम्हीच सांगितलंत ना, काका?’

‘हो.’

‘मला वाटलं मास्तरांनी.’

त्याने जर्सी दिली. माझ्या हातात नाही. खांद्यावर टाकली आणि दुसरीकडे बघायला लागला. याहून त्याने मारलं असतं तर बरं.

खाली ड्रेसिंग रूममध्ये जमिनीवर बसून आम्ही सगळे टेप कापत होतो. आठाची डावी बाजू उसवून तीन केला, एकाला उभी रेघ जोडून अकरा केले. मास्तरांच्या हाताने सात उलटा लागला, तो परत काढला. शिडीने आईने विणलेला लाल स्वेटर घातला आणि त्याच्या पाठीवर एक डकवला. बोलत नव्हता माझ्याशी, पण पाठ माझ्याकडे करून उभा राहिला, लावा म्हणून.

कप्तान समोर आला. ‘द्या.’

मी जर्सी दिली.

‘आणि?’

मला काही सुचेना. तो मान हलवून गेला.

पंचाने एकेकाची पाठ बघितली. कुठली गडद, कुठली शेवाळासारखी, कुठली जवळजवळ पिवळी. बराच वेळ बघितलं त्याने. मग शिटी तोंडात धरून म्हणाला, ‘हिरवा म्हणजे हिरवाच. चला.’

हरलो. एक गोल घातला, दोन खाल्ले. टेप निघून निघून चिखलात पडत होती आणि गोल घातला तेव्हा घालणाऱ्याच्या पाठीवर अर्धाच आकडा होता. पाहुणे वाचले, आम्ही चौथ्या डिव्हिजनमध्ये गेलो. पण गेलो खेळून. नाव कापलं नाही. मैदान जिथे होतं तिथे आहे.

आणि ही उघडीबंब मंडळी हरल्यावर टाळ्या वाजवतात! कुडकुडताहेत आणि काका, काका ओरडताहेत. मला चिडवायला. मी मान खाली घालून खोलीत गेलो. हरलेल्यांना टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे.

आज दिवसभर त्या सगळ्या जर्सी धुतल्या. ही मदतीला आली, बादल्या भरल्या. टेपचा चिकटा निघत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

मालक आले. बूट ओले होऊ नयेत म्हणून फरशीच्या कडेकडेने चालत माझ्या खोलीत आले. ड्रायव्हरने दोन्ही बॅगा दारात ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

‘काका, छपाईवाल्याने फार घोळ घातला हो.’

मी बॅगा बघितल्या. वर माझीच गाठ. डेपोत टायर टपावर बांधायचो ती. ती कुणी सोडलेलीच नव्हती.

मालकांनी खांद्यावर हात ठेवला. मी खांदा काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मोठ्या माणसाशी असा वागलो.

‘तुम्हाला मी वडिलांसारखं मानलं,’ ते म्हणाले. ‘आणि तुम्ही शनिवारी गॅलरीत उभं राहून माझ्याबद्दल काय काय बोललात? मला सगळं कळलंय.’

‘कळलं ना. मग परत सांगायचा त्रास वाचला.’

‘आता आराम करा तुम्ही. उद्यापासून येऊ नका. चावी द्या.’

मी म्हटलं, ‘काढायला आधी ठेवावं लागतं. तुम्ही मला ठेवलं कधी? जुन्या कमिटीने नुसतं सांगितलं होतं, तेवढे कपडे बघा. त्यांनी अजून बघू नका म्हटलेलं नाही.’

‘मी मालक आहे, काका.’

‘जागेचे असाल. जर्सींचे नाही. त्या माझ्या ताब्यात आहेत, आणि आता कुणाला देणार नाही. चावीसुद्धा.’

आवाज चढला होता माझा. दाराबाहेर पाइप आपटल्याचा आवाज आला. कप्तान काहीतरी दुरुस्त करत होता, की नुसता उभा होता कोण जाणे. मालकांनीही तो ऐकला. त्यांचा चेहरा बदलला. मला माहीत आहे, हा माणूस पुढच्या सीझनला आणखी काहीतरी करणार. पाणी तोडेल, वीज तोडेल, फाटकाला कुलूप लावेल. हे सगळं मला आत्तापासून दिसतंय आणि मी झोपणार नाही.

जाता जाता दारात वळून हसले. ‘चौथ्या डिव्हिजनमध्ये गेलात, काका. तिथे तुमचा खेळ बघायला कुत्रंसुद्धा फिरकत नाही.’

मी म्हटलं, ‘मग तुम्ही या. तिकीट काढून.’